अळणावरची बाजू

धारवाड, १४ मार्च १९४२

शाळेचा चित्रकलेचा हॉल गेला तो गेलाच. सकाळी बाकं व्हरांड्यात काढली आणि मधोमध एक टेबल आणून ठेवलं, एवढं मोठं की वर चार माणसं आडवी झोपतील. त्यावर जिल्ह्याचा नकाशा, पश्चिमेला थेट गोव्याच्या हद्दीपर्यंत. जपानी विमानं समुद्रावरून आली तर टेहळणी ठाण्यांनी ती बघायची, ऐकायची आणि टेलिफोनवरून आम्हाला कळवायचं. आम्ही म्हणजे मी. वादिराज मास्तर भूगोल शिकवतात ना, मग बांधा हे लोढणं त्यांच्याच गळ्यात!

लोंढा, अळणावर, मुगद, हुबळीपलीकडचा तारिहाळचा माळ, अशी ठाणी पसरली आहेत. या कामावर नेमणाऱ्या साहेबाने दिलेल्या टाचण्या टेबलाच्या लाकडात रुतत नाहीत, म्हणून मी घरून चिंचोके नेले. एका ठाण्याने खबर दिली तर काळा चिंचोका. दुसऱ्या, वेगळ्या ठाण्यानेही तेच सांगितलं तरच लाल रंगवलेला. लाल पडल्याशिवाय भोंगा वाजवायचा नाही. हा नियम माझा, साहेबाचा नव्हे. घरी मोठ्या हौसेने सांगितलं तर कृष्णाबाई म्हणते, "चिंचोक्यांना रंग फासायला सरकार पगार देतं होय?" बायकोने कधी चांगलं म्हटलं असेल तर शपथ.

११ एप्रिल

हात तिच्या! आज अख्खं धारवाड मी बाँबपासून लपायला खणलेल्या चरात उतरवलं.

विशाखापट्टणवर बाँब पडल्यापासून सगळ्यांचे कान आभाळाला लागलेत. सकाळी अळणावरचा गोपाळ फोनवर ओरडला, विमान, विमान! काळा चिंचोका. लगेच मुगद, तोच आवाज. लाल. मग लोंढा म्हणतं, आमच्या डोक्यावरूनच गेलं. मी भोंगा वाजवला. वकील मंडळी पगड्यांसकट चरात, भाजीवाल्या टोपल्यांसकट चरात. आमचा गुरुराज बेळगावहून सुटीला आलाय, तो एकटा रस्त्यात कमरेवर हात ठेवून वर बघत उभा. विमान आलं नाही. एक घार आली.

लोंढा सगळ्यांत पश्चिमेला, तिथे आधी ऐकू यायला हवं होतं. हे मला सुचलं केव्हा, तर भोंगा वाजवून झाल्यावर.

१६ एप्रिल

स्वतः अळणावरला जाऊन आलो. गोपाळ शेतकरी माणूस, कानाने तिखट, पण त्या दिवशी चढावर लाकडाची लॉरी घरघरत होती. बरं, मुगदला काय ऐकू आलं? काही नाही! अळणावर, मुगद आणि लोंढा ही तिन्ही ठाणी एकाच तारेवर. एकाने फोन उचलला की बाकीचे दोघे ऐकतात. मुगदचा म्हातारा मला म्हणतो, "गोपाळअण्णा ऐकलं म्हणाले. मग मी नाही म्हणून त्यांना खोटं पाडू काय, री? शेजारधर्म आहे की नाही?" लोंढ्याचा म्हणतो, दोघांना ऐकू आलं आणि मलाच नाही, म्हणजे मी झोपलो होतो असंच ठरलं असतं.

आता यांना काय बोलणार? वाईट एकही नाही, सगळे भिडेचे बळी. नवा नियम केला. ही तीन तोंडं मिळून एकच तोंड धरायचं. आणि ‘अमुक दिसलं का’ असं कधीही विचारायचं नाही. विचारलं की यांना दिसतंच. फक्त ‘सांगा’ म्हणायचं आणि गप्प बसायचं. त्या बाजूला दुसरी तार नाही, म्हणजे तिथे लाल चिंचोका कधी पडणारच नाही. साहेबाला म्हटलं, दुसरी तार टाका. तो म्हणाला, लढाई संपल्यावर.

१८ जून

गुरुराज कॉलेजला परत गेला, तोही भांडून. टेबल बघून म्हणाला, "अप्पा, जपानी नाही आले तर यावर कुणाला शोधणार?" मी म्हटलं, "तू आधी इंटर पास हो." चांगलं काही बोलायचं होतं, तोंडातून हे निघालं. स्टेशनवर पाठमोरा बघत राहिलो. लहानपणी मोडलेला डावा पाय अजून जरासा ओढतो. एरवी उंचापुरा, देखणा. आईवर गेलाय.

१७ ऑगस्ट

मुंबईत पुढाऱ्यांना पकडल्यापासून सगळीकडे भडका. तारा तुटतायत, स्टेशनं पेटतायत. कॉलेज बंद पडलंय आणि गुरुराजचा पत्ता नाही. कुणी म्हणतं मुंबईला मामाकडे गेला. माझा जीव टांगणीला लागलाय आणि कृष्णाबाई म्हणते, "असेल कुठेतरी सुखरूप." एरवी कार्टं अंमळ उशिरा आलं तर हिच्या दारात फेऱ्या. आता एवढी शांती कुठून आली कोण जाणे.

४ सप्टेंबर

इन्स्पेक्टर भीमराव आले. फार गोड माणूस, बोलताना सुपारी कातरत बोलतो. "येन्री मास्तर, विमानं तर काही येत नाहीत. मग टेबल रिकामं कशाला ठेवायचं?"

ठाणी तीच, फोन तेच. आता आभाळाकडे बघायचं नाही, रस्त्याकडे बघायचं. तारा तोडणारी एक टोळी या जिल्ह्यात फिरते आहे. म्होरक्या तरुण, उंच, मराठी आणि कन्नड दोन्ही सफाईने बोलतो, डावा पाय ओढतो. तो गोव्याच्या हद्दीत पोचला की पोर्तुगीजांचं राज्य, आपला हात संपला. त्याआधी गाठायचा. सापडला तर काय, असं विचारलं. म्हणाले, "जिवंत सापडला तर नशीब त्याचं."

मी म्हटलं, निम्मा जिल्हा पाय ओढतो, रस्तेच तसे आहेत. भीमराव हसले आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

मी राजीनामा देतो म्हटलं. त्यांनी शांतपणे कायदा सांगितला. लढाईच्या काळात हे काम सोडलं तर सरळ तुरुंग. परवानगीशिवाय धारवाडच्या वेशीबाहेर जायचं नाही. घराच्या ओट्यावर एक शिपाई आणून बसवलाय, माझ्या रक्षणासाठी म्हणे. मी कुणाचं काय बिघडवलंय म्हणून माझं रक्षण? कोंडलंय मला. माझाच नियम, माझेच चिंचोके, आणि मीच आत.

२६ सप्टेंबर

पद्धत चालते. चालू नये अशी प्रार्थना करत होतो, तर झक्क चालते. परवा पूर्वेकडच्या दोन ठाण्यांचं जुळलं, मी लाल चिंचोका ठेवला, भीमरावांची माणसं गेली आणि टोळीतला एक सापडला. आज त्याला बैलगाडीतून शाळेवरूनच नेलं. डोक्याला बांधलेलं फडकं रक्ताने भिजलेलं. वेंकटेश. माझा विद्यार्थी! नद्या काढण्यात याचा हात धरणारा वर्गात कुणी नव्हतं. त्याने मला ओळखलं आणि हात जोडले. शाळेतली सवय.

घरी कृष्णाबाईला सांगितलं. तिने पानावर वाढता वाढता हात आखडला, आत गेली, बाहेर आलीच नाही.

५ ऑक्टोबर

नवल वर्तलं. आज कृष्णाबाई आपणहून म्हणाली, "तुमचं ते टेबल असतं तरी कसं? मला समजावून सांगा ना."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मी पाट उलटा घातला, खडूने रेल्वे काढली, चिंचोके मांडले. हुबळीकडची बाजू कशी पक्की आहे, कुठल्या ठाण्याला कुठली वाट दिसते, सगळं सांगितलं. तिचे प्रश्न तर असे नेमके की माझ्या मॅट्रिकच्या पोरांनी विचारले असते तर कृतार्थ झालो असतो. "आणि ही अळणावरची बाजू?" म्हणाली. मी म्हटलं, "ती बाजू रिकामीच समज. तिथलं मी धरतच नाही. लाल पडत नाही, आणि लाल पडल्याशिवाय पोलीस हलत नाहीत." तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

फार बरं वाटलं. घरात बोलायला माणूस मिळालं.

१९ ऑक्टोबर

कृष्णाबाईने माझा जुना विटकरी स्वेटर उसवला आणि नवा विणायला घेतलाय. लोकर कमी पडली तर गुरुराजच्या बाळपणीच्या टोपीची पिवळी लोकर बाह्यांना लावली. मी म्हटलं, या वयात मला पिवळ्या बाह्या? ती नुसती हसली. बाह्या लांब होतायत हेही सांगितलं, ऐकत नाही.

अळणावरकडच्या रानातली सखूबाई कोळसा विकायला येते, ती हल्ली सारखी येऊ लागलीये. परसात कोळशाचा डोंगर झालाय. आज जाताना म्हणते, "वैनी, रानात थंडी लई पडलीया." रानात थंडी पडते हे सांगायला ही बाई एवढ्या लांबून येते!

नरकचतुर्दशी

गुरुराजशिवाय दिवाळी. कृष्णाबाईने दोन घाणे चकल्या तळल्या, आम्ही खाणारे दोघं. संध्याकाळी डबा बघतो तर तळाशी चुरा. म्हणे सखूबाईला दिल्या, गरीब आहे बिचारी. कोळशाच्या बदल्यात चकल्या! आणि माझा स्वेटर कुठे आहे विचारलं तर म्हणाली, मापाला बसला नाही, पुन्हा उसवते. मी सांगत होतो, बाह्या लांब आहेत.

१३ नोव्हेंबर

भीमराव आज हसले नाहीत. जिथे जाळं टाकावं तिथून तो लंगडा आदल्या दिवशीच निसटलेला असतो. "मास्तर, तुमचं टेबल त्यालाही दिसतं की काय?" मी चिडलो, म्हटलं हॉलला कुलूप असतं, किल्ली माझ्या जानव्याला असते. ते म्हणाले, "किल्लीचं नाही विचारलं मी."

लागट बोलणं. घरी येऊन कृष्णाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "आता नका सांगत जाऊ मला काही. तुमच्यावर बालंट यायचं." काय तरी शहाणपण हिचं!

२७ नोव्हेंबर

हे लिहू नये. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

दुपारी तारिहाळच्या ठाण्याचा फोन. उंच तरुण, डावा पाय ओढतो, माळावरून धारवाडच्या दिशेने. मी ‘सांगा’ म्हणून गप्प बसलो, नियमाप्रमाणे. तो पुढे म्हणाला, अंगात विटकरी स्वेटर, बाह्यांना पिवळी पट्टी.

गुरुराज. माझा गुरू. किती दिवस मी त्याला ठाण्याठाण्यातून पुढे ढकलत होतो, नकाशावर बोटाने दाखवत होतो! अरे गाढवा वादिराजा, निम्मा जिल्हा पाय ओढतो काय? स्वेटर कुणासाठी होता, चकल्या कुठे गेल्या, आई एवढी शांत कशी, सगळं समोर होतं. ज्याने नजरेची ठाणी बसवली त्यालाच घरातलं दिसेना.

लगेच हुबळीचंही तेच आलं. ती तार वेगळी. भीमराव शेजारीच उभे होते. लाल चिंचोका ठेवावा लागला. म्हणाले, आता हुबळी-धारवाड रस्ता बंद, उद्या दुपारी धारवाडातलं घर न् घर झडतीला.

घरी आलो. कृष्णाबाई वांगी चिरत होती, शिपाई ओट्यावर विडी ओढत होता, आमचा शब्द न् शब्द त्याला ऐकू जाईल असा. तिला सांगावं असं ओठांवर आलं. पण ती घाबरेल, रडेल, शिपाई आत येईल. तिच्या पोटात राहायचं नाही. मी वांगी चांगली आहेत एवढंच म्हणालो. तीही माझ्याकडे काही सांगायचं असल्यासारखी बघत होती, आणि म्हणाली, "हो, स्वस्त मिळाली."

जे करायचं ते मीच करीन. पोलीस पूर्वेला आहेत. त्यांना पश्चिमेला न्यायचं. तिकडे कुणीच नाही, खुशाल रान धुंडाळू देत.

२८ नोव्हेंबर

सकाळी भीमराव चहाला गेले. मी अळणावरच्या तारेचा फोन उचलला आणि एप्रिलपासून ज्याला बंदी घातली होती तो प्रश्न मुद्दाम मोठ्याने विचारला. "गोपाळ, विटकरी स्वेटरवाला लंगडा तुझ्याकडे रानात शिरताना दिसला का?"

गोपाळ म्हणाला, "दिसला असंल की, मास्तर. व्हय, दिसला." लगेच मुगदचा म्हातारा, "हौद्री, मीही बघितला, पहाटेच इथून गेला." लोंढ्याने आणखी एक साथीदार जोडून दिला. भली माणसं!

मी अळणावरवर लाल चिंचोका ठेवला. भीमराव आले, बघतच राहिले. "त्या बाजूचं तुम्ही धरत नाही ना, मास्तर?"

"आज धरतो. जबाबदारी माझी."

दुपारी लॉरी भरून माणसं अळणावरला गेली. झडती राहून गेली. रस्त्यावरचा पहारा उठला, आमच्या ओट्यावरचा शिपाईसुद्धा नेला. मी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा छाती भरून श्वास घेतला. दिवेलागणीला घरी आलो तेव्हा रस्त्याने चक्क गुणगुणत होतो.

घरी देवापुढे दिवा, साखरभाताचा वास. कृष्णाबाईने दार लावलं, माझा हात धरला, लग्नानंतर असा कधी धरला नसेल. "ओट्यावर कुणी नाही, आता सांगते. रागवू नका. तो लंगडा म्हणजे आपला गुरू. काल अंधारात वेशीजवळ येऊन राहिला होता. आज उजाडता सखूबाईने त्याला कोळशाच्या रिकाम्या गाडीत पोत्यांखाली घातला. आता अळणावरला पोचतील, तिथून गोव्याची गाडी. मीच तिकडून जायला सांगितलं. ती बाजू रिकामी आहे, तुम्हीच म्हणाला होतात ना?"



मग तिने दाराकडे बघितलं आणि विचारलं, "पण आज शिपाई कुठे गेला हो?"

धावत शाळेत आलो. जोडा कुठे पडला कळलं नाही. फोन उचलला. पलीकडे गोपाळ, आनंदाने नुसता फुटत होता.

"मास्तर, तुमचं खरं निघालं! घावला! इथंच तिठ्यावर, गाडीत. पिवळ्या बाह्या, डावा पाय, सगळं सगळं. सकाळी तुमास्नी उगं व्हय म्हणलो हुतो, मनाला लागून ऱ्हायलं हुतं. पर आत्ता म्या माझ्या डोळ्यानं बघितलं, मास्तर. कुनाचं ऐकून न्हाई."

जिवंत आहे का, एवढंच विचारता आलं. आहे म्हणाला.

इथेच बसलोय. घरी ती साखरभात झाकून ठेवून वाट बघत असेल. हिला काय सांगू?

३० नोव्हेंबर

सांगितलं. चिंचोका मी ठेवला हेही सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. तव्यावर टाकायची विसरली.

१२ डिसेंबर

भीमरावांनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला. "पोटचा पोरगा असून मास्तर मागे हटले नाहीत. मी उगाच संशय घेतला." गावभर तेच झालंय. दूधवाला दूध घालतो, पण माझ्याकडे बघत नाही. वेंकटेशच्या आईने मला बघून पदर तोंडावर ओढला. खरं काय ते ओरडून सांगावंसं वाटतं. सांगितलं तर मीही तुरुंगात, आणि गुरूला बेळगावात भेटायला जाणारं कुणी नाही. सखूबाईलाही धरलंय. तिच्याबद्दल कृष्णाबाई रोज विचारते, मी रोज ‘अजून आत’ म्हणतो. माझ्याशी तेवढंच बोलते.

ठाणी वाढवणार आहेत. टेबल माझ्याकडेच.

१७ जानेवारी १९४३

बेळगावहून गुरूच्या अंगावरचे कपडे गाठोडं बांधून परत आले. आत तुरुंगाचेच घालायचे असतात. स्वेटर वर होता. एक बाही खांद्यापासून फाटलेली, पिवळ्या पट्टीवर कोळशाचे डाग. कृष्णाबाईने तो धुतला, वाळवला आणि दुपारी उसवायला घेतला.

मी खुर्चीत बसलो होतो. ती समोर येऊन खाली बसली. न बोलता माझे दोन्ही हात पुढे ओढले, मनगटं अंतरावर धरायला लावली आणि उसवलेली लोकर त्यांच्याभोवती गुंडाळू लागली, फेऱ्यावर फेरा. मला रडू आलं. डोळे पुसायला हात उचलला.

"हलवू नका," ती म्हणाली. "गुंता होईल."